शिधा कुणाचा, लाभ कुणाचा?

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित पाठ)



मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. दुर्गादेवीच्या दुष्काळात त्यांनी बेदरच्या बादशहाचे कोठार भुकेल्यांसाठी खुले केले. बादशहाचा कोप ओढवला तेव्हा प्रत्यक्ष विठोबा विठू महाराच्या रूपाने बेदरच्या दरबारी गेला आणि धान्याचे मोल मोजून आला. कथा ऐकताना डोळे पाणावतात, आणि त्यामुळेच कदाचित तिच्यातील एक बारकावा कुणाच्या ध्यानात राहत नाही. विठोबाने दरबारातून पावती घेतली होती. देवानेही धान्याचा हिशेब अर्धवट सोडला नाही!

आजच्या सरकारी कोठारांचा पसारा दामाजीपंतांच्या कोठाराच्या कल्पनेपलीकडचा आहे. केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अन्न अनुदानासाठी सुमारे २ लाख ३ हजार कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये ८१ कोटी ३५ लाख लोकांपर्यंत धान्य पोहोचवण्याची मर्यादा ठरलेली आहे. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षे ते तसेच देण्याचा निर्णय झाला. या योजनेविषयी दिवाणखान्यांत दोन मते हमखास ऐकू येतात. फुकटच्या धान्याने माणसे आळशी झाली, हे एक. सरकारने गरिबाच्या मुखी घास घातला, हे दुसरे. दोन्ही मते मांडणाऱ्यांचे एका बाबतीत मात्र एकमत असते. सरकारी कागदावर ज्याच्या नावे धान्य लिहिले आहे, त्याच्याच ताटात ते पडते, असे दोघेही गृहीत धरून चालतात. हे गृहीतक किती खरे आहे? गोदाम ते ताट या प्रवासात प्रत्येक मुक्कामावर कोण काय काढून घेतो? आजचा विषय एवढाच आहे.

आधी उपयोगाची माणसे

सरकारी शिधावाटपाचा जन्म करुणेतून झाला, ही समजूत इतिहासाला धरून नाही. मुंबईत शिधावाटप सुरू झाले ते १९४३ साली, ऐन महायुद्धात. त्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. कलकत्त्यात युद्धोपयोगी कारखाने, रेल्वे, बंदर आणि सरकारी कचेऱ्या यांतील नोकरवर्गाला अग्रक्रमाचा वर्ग ठरवून त्यांच्यासाठी स्वस्त धान्याची तजवीज करण्यात आली होती. त्याच कलकत्त्याच्या पदपथांवर खेड्यापाड्यांतून आलेली माणसे अन्नावाचून प्राण सोडत होती. सरकारनेच नेमलेल्या चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या घरात नेला. अमर्त्य सेन यांच्या अन्य मतांशी येथील अनेकांचे जुळणार नाही. परंतु १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने बंगालच्या दुष्काळाविषयी जो मुद्दा मांडला, तो नजरेआड करता येत नाही. धान्य किती आहे यापेक्षा ते मिळवण्याची ताकद कुणाच्या हाती आहे यावर माणसाचे जगणे-मरणे ठरले, असा तो मुद्दा. राज्यकर्त्यांना ज्यांची गरज होती, त्यांच्यापर्यंत धान्य पोहोचले. ज्याने भात पिकवला त्या बंगाली खेड्यापर्यंत ते पोहोचले नाही.

स्वातंत्र्यानंतर अन्नसाहाय्य परदेशातून आले. ज्येष्ठांना 'पीएल ४८०' ही अक्षरे आठवत असतील. १९५४ साली अमेरिकेने केलेल्या या कायद्याचे मूळ नाव कृषी व्यापार विकास व साहाय्य कायदा असे होते. व्यापार आधी आणि साहाय्य मागाहून! आपल्या शेतकऱ्याच्या मालाचे भाव कोसळू नयेत म्हणून अमेरिकी सरकारने गहू विकत घेऊन साठवला होता. त्याला वाट काढून देणे हा हेतू त्या कायद्यातच नमूद आहे. १९६६ मध्ये भारताने एक कोटी टनांहून अधिक धान्य आयात केले. व्हिएतनामच्या युद्धाविषयी भारताने मतभेद व्यक्त केले, तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी धान्याची मंजुरी महिन्या-महिन्याच्या हप्त्यांनी देण्यास सुरुवात केली. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये देशाला सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, त्यामागे हे अपमानाचे शल्य होते. त्या गव्हाने असंख्य जीव वाचवले हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण पहिला लाभ कान्ससच्या शेतकऱ्याला झाला, दुसरा अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाला झाला, आणि मग भारतातील रांगेत उभ्या असलेल्या माणसाची पाळी आली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने खाल्लेली मिलो नावाची लाल ज्वारी आणि सुकडी यांची चव ज्यांच्या जिभेवर अजून आहे, त्यांना हा क्रम अधिक समजावून सांगावा लागणार नाही.

गोदामाच्या आत

परावलंबनाचे ते दिवस सरले. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळाची स्थापना झाली. हरितक्रांती आली. पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्याने घाम गाळून देशाची कोठारे भरली. हे ऋण मोठेच आहे. तरीही हिशेब मांडायचा तर तो सर्वांचाच मांडला पाहिजे.

अन्न महामंडळाच्या पुनर्रचनेसाठी २०१४ मध्ये शांता कुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जानेवारी २०१५ मध्ये तिने अहवाल दिला. हा अहवाल कार्यकर्त्यांनी एकदा तरी मुळातून वाचावा असा आहे. देशातील केवळ ६ टक्के शेतकऱ्यांनी आपला माल हमीभावाने सरकारी यंत्रणेला विकला, हे त्यात राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे सांगितले आहे. उरलेल्या ९४ टक्क्यांना, आणि त्यांत विदर्भ-मराठवाड्याचा कोरडवाहू शेतकरी आलाच, हमीभाव वर्तमानपत्रातच भेटतो. पंजाबमध्ये या खरेदीवर राज्याचे निरनिराळे कर, अधिभार व अडत्याची दलाली मिळून १४.५ टक्के रक्कम लागत होती. गुजरात व पश्चिम बंगालमध्ये हेच प्रमाण २ टक्क्यांहून कमी होते. खरेदीदार कोण? केंद्र सरकार. ही रक्कम कोणत्या खात्यावर पडते? गरिबाच्या अन्न अनुदानाच्या! बीड जिल्ह्यातल्या एखाद्या विधवेच्या नावे लिहिलेल्या रुपयातले काही पैसे अशा रीतीने पंजाबच्या तिजोरीत आणि अडत्याच्या पेढीवर उतरतात. त्या बाईला याची गंधवार्ताही नसते.

त्याच अहवालात हमालांची हकीकत आहे. महामंडळाच्या सेवेतील हमालावर दरमहा सरासरी ७९,५०० रुपये खर्च होत असताना तेच पोते वाहणाऱ्या ठेकेदाराच्या हमालावर सुमारे १० हजार खर्च होत होते. ऑगस्ट २०१४ या एका महिन्यात तीनशेहून अधिक हमालांना, थकबाकी धरून, ४ लाखांहून अधिक मजुरी मिळाली. पोत्यांच्या संख्येवर मिळणाऱ्या प्रोत्साहनभत्त्याचा हा चमत्कार होता. पाठीवर ओझे वाहणाऱ्याला चांगला मोबदला मिळू नये असे कोण म्हणेल? परंतु एकाच गोदामात, एकाच वजनाच्या पोत्याला असे दोन मोल पडावेत, आणि दोन्ही गरिबाच्या नावावर खर्ची पडावेत, हे कोणत्या न्यायात बसते?

कोठारे ओसंडून वाहत असली म्हणून ताट भरते असेही नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली आणि महाराष्ट्राची मान खाली गेली. दुर्गम भागांसाठी सुधारित सार्वजनिक वितरण व्यवस्था केंद्राने जाहीर केली तीही १९९२ मध्येच. पुढे जुलै २००२ मध्ये सरकारी साठा ६ कोटी ३० लाख टनांवर गेला. त्या वेळच्या निकषाप्रमाणे २ कोटी ४३ लाख टन साठा पुरेसा होता. अटलजींच्या सरकारने २५ डिसेंबर २००० रोजी अंत्योदय अन्न योजना सुरू करून सर्वांत गरीब एक कोटी कुटुंबांना २ रुपये किलोने गहू आणि ३ रुपये किलोने तांदूळ देण्यास प्रारंभ केला, ही त्या काळातली फार मोलाची गोष्ट. समाजाच्या अखेरच्या माणसापासून आरंभ करण्याचा दीनदयाळजींचा आग्रह सरकारी योजनेच्या नावात तरी आला. तथापि त्याच काळात कोठारातले धान्य परदेशी बाजारात जवळपास दारिद्र्यरेषेखालच्या दराने निर्यात होत होते, हेही नोंदवले पाहिजे. देशातल्या गरिबाला ज्या भावाने धान्य मिळत होते, त्याच भावाने ते परदेशातल्या व्यापाऱ्यालाही मिळाले.

नियोजन आयोगाने २००५ मध्ये लक्ष्याधारित वितरण व्यवस्थेचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. केंद्रीय साठ्यातून दिलेल्या अनुदानित धान्यापैकी सुमारे ५८ टक्के धान्य दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपर्यंत पोहोचतच नव्हते. गरिबाला १ रुपयाचा लाभ देण्यासाठी सरकारला ३ रुपये ६५ पैसे खर्च करावे लागत होते. हे २ रुपये ६५ पैसे काही हवेत विरले नाहीत. ते कुणाच्या तरी घरी गेले.

दुकानदार आणि बिनउचललेला शिधा

कुणाच्या, असे विचारताच बोट रेशन दुकानदाराकडे वळते. तो चोर आहे, असे म्हटले की चर्चा संपते. पण त्याच्या दुकानाचा जमाखर्च कुणी मांडून पाहत नाही. केंद्राच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे सर्वसाधारण राज्यांत दुकानदाराला क्विंटलमागे ७० रुपये, आणि ई-पॉस यंत्र असल्यास आणखी १७ रुपये मिळत. दुकानाला एक हजार माणसे जोडलेली असली, तर माणशी पाच किलोप्रमाणे महिन्याला ५० क्विंटल धान्य. मिळकत ४,३५० रुपये. यातून जागेचे भाडे, विजेचे देयक, मापाड्याची मजुरी, उंदरांनी खाल्लेली तूट. तालुक्याच्या गावी कापडाच्या दुकानात उभा राहणारा मुलगा याहून अधिक पगार घरी नेतो. महाराष्ट्राने हा दर पुढे क्विंटलला १५० रुपयांवर नेला, तेव्हा हीच मिळकत साडेसात हजारांवर पोहोचली. नियोजन आयोगाच्या त्याच अहवालात तपासलेल्या दुकानांपैकी जेमतेम २३ टक्के दुकाने प्रामाणिक हिशेबावर चालण्यासारखी आढळली होती.

तरीही रेशन दुकानाचा परवाना मिळवण्यासाठी आमदाराची चिठ्ठी आणि पुरवठा कार्यालयातले हेलपाटे का लागत? धंदा तोट्याचा असताना त्यावर उड्या का पडत? याचे उत्तर दुकानात नव्हते. ते दुकानाच्या मागच्या दाराशी होते. एकाच गव्हाला दोन भाव असले, आतला दोन रुपये आणि बाहेरचा पंधरा रुपये, की मधले तेरा रुपये कुणाला तरी खुणावतातच. त्यात पुरवठा खात्याचा वाटा, वाहतूकदाराचा वाटा, पीठगिरणीवाल्याचा वाटा. दुकानदार या साखळीतली सर्वांत दिसणारी कडी असतो, एवढेच.

आणि या साखळीला भांडवल कुणी पुरवले? इथे मध्यमवर्गाने थोडा वेळ स्वतःच्या कपाटाकडे पाहायला हरकत नाही. १९९७ च्या जूनपर्यंत रेशन सर्वांना होते. साखर, रॉकेल, पामतेल, गहू, तांदूळ. पगारदार कुटुंबाने सणासुदीची साखर घेतली, गहू कधी घेतला नाही. 'त्या गव्हाला वास येतो.' पण नाव कमी केले का? नाही. पासपोर्टसाठी, गॅसजोडणीसाठी, मुलांच्या प्रवेशासाठी शिधापत्रिका हवी होती. तिच्यावर दरमहा येणारा गहू कुणीच न उचलल्यामुळे दुकानदाराच्या हाती राहिला, आणि वहीत मात्र तो उचलला गेल्याची नोंद झाली. शहराशहरांतून लक्षावधी कुटुंबांचा हा बिनउचललेला शिधा काळ्या बाजाराचे बिनव्याजी भांडवल ठरला. कुणी पाप केले नाही. कुणी दखलही घेतली नाही.

महाराष्ट्राने १ मे १९९९ पासून पिवळी, केशरी व पांढरी अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका आणल्या. वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत पिवळी, त्यापुढे १ लाखापर्यंत केशरी आणि त्याहून अधिक असल्यास पांढरी. पुढे वेतन आयोग आले, पगार वाढले. दारात चारचाकी आली. कपाटातली केशरी पत्रिका मात्र केशरीच राहिली, कारण सरकारी आरोग्य योजनेतल्या विनामूल्य शस्त्रक्रियेला पिवळ्या-केशरी पत्रिकेचा आधार लागू लागला. अशी पत्रिका जपणारे गृहस्थ संध्याकाळी आळशी गरिबांविषयी पोटतिडकीने बोलतात, तेव्हा ऐकणाऱ्याने काय करावे?

यादीत नसलेली माणसे

ज्यांचे नाव यादीत नको होते ते राहिले, त्याची किंमत ज्यांचे हवे होते त्यांनी चुकवली. पारध्याच्या पालाला घरक्रमांक नाही, म्हणून रहिवासाचा दाखला नाही, म्हणून शिधापत्रिका नाही. रायगड-ठाण्याचा कातकरी दिवाळी सरली की वीटभट्टीवर जातो आणि पावसाच्या तोंडावर परततो. मधले सहा-सात महिने त्याचे नाव गावच्या दुकानात आणि पोट शंभर मैल दूर. बीड, जालना, अहिल्यानगर भागांतून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांचीही तीच कथा. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे 'उचल', आणि दुकानदाराने गोदामातून धान्य आणायचे त्यालाही 'उचल'च म्हणतात. कोयता हाती घेतलेल्या जोडप्याच्या नशिबी पहिली उचल येत राहिली. दुसरी त्याच्या नावावर वर्षानुवर्षे दुसऱ्याच कुणी केली.

या दुखण्यावर खरा उतारा पडू लागला तो पत्रिकेचे दुकानाशी बांधलेले दावे सुटल्यावर. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या जोड्यांपासून 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेला प्रारंभ झाला. जून २०२२ पर्यंत सर्व राज्ये तिच्यात आली. आता सांगलीच्या फडावरचा बीडचा मजूर तिथल्याच दुकानात आपला गहू घेऊ शकतो. घेतो का? जिथे कुणी त्याला हे सांगितले, तिथे घेतो. जिथे दुकानदाराने 'तुझे नाव इथे नाही' म्हणून वाटेला लावले, तिथे तो पुन्हा विचारायला येत नाही. शिवाय ई-पॉस यंत्राला अंगठा लागतो. आयुष्यभर वीट, ऊस, दगड यांच्याशी झटलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात, आणि सातपुड्यातल्या पाड्यावर यंत्राला संदेशवहनाचे जाळे सापडत नाही. यंत्राने बनावट उचल पकडली हे खरेच. झिजलेला अंगठा मात्र त्याला कळत नाही.

गळती किती उरली? २०११-१२ च्या आकड्यांवरून शांता कुमार समितीने ती ४६.७ टक्के मांडली होती. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीवरून दिल्लीच्या एका संशोधन संस्थेने २०२४ मध्ये २८ टक्क्यांचा अंदाज केला. काही अर्थशास्त्रज्ञ तो आणखी कमी धरतात. घसरण मोठी आहे आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. तरी २८ टक्के म्हणजे सुमारे दोन कोटी टन धान्य होते.

छत्तीसगडची हकीकत या संदर्भात सविस्तर सांगण्यासारखी आहे. २००४ मध्ये डॉ. रमण सिंह यांच्या सरकारने आदेश काढून खासगी दुकानदारांचे परवाने रद्द केले आणि दुकाने ग्रामपंचायती, सहकारी संस्था व महिला बचत गटांकडे सोपवली. दुकानाचा मोबदला वाढवला. गोदामातून दुकानापर्यंत धान्य पोहोचवण्याची जबाबदारी सरकारने स्वतःकडे घेतली. आधीच्या रचनेत दुकानदार स्वतः गोदामावर जाई आणि वाटेत गाडी कुठे रिकामी होते हे कुणी विचारत नसे. नव्या रचनेत पिवळ्या रंगाची सरकारी मालमोटार दिवसाढवळ्या गावात येऊ लागली. गाडी आली की गावाला कळे, आणि कळले की दुसऱ्या दिवशी 'माल संपला' असे सांगणे दुकान चालवणाऱ्या बाईला अवघड होई, कारण रांगेत तिच्याच गल्लीतल्या बाया उभ्या असत. ज्याँ द्रेझ व रीतिका खेडा हे अभ्यासक उजव्या विचारांचे म्हणून कुणी ओळखत नाही. त्यांच्याच अंदाजानुसार तेथील गळती २००४-०५ मधील सुमारे ५० टक्क्यांवरून २००९-१० मध्ये १० टक्क्यांवर आली. आणि एवढे होऊनही त्याच राज्यात २०१५ साली नागरी पुरवठा महामंडळावर लाचलुचपत विरोधी छापे पडले. गावच्या टोकाला राखण बसली की चोर राजधानीकडे सरकतो, हा धडाही त्याच राज्याने दिला.

या सगळ्या गणितात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. ताटात नेमके काय पडते? सोलापूरची ज्वारी, सातपुड्याची भगर, सह्याद्रीच्या उतारावरची नाचणी ही या मातीतली अन्ने. पंजाबात तांदूळ पिकवायचा, त्यासाठी भूजल उपसायचे, ते पोते हजार मैल वाहून आणायचे आणि नाचणी पिकवणाऱ्या वारल्याच्या हाती द्यायचे, अशी ही रचना. २०१३ च्या कायद्यात भरड धान्य १ रुपया किलोने देण्याची सोय होती. कर्नाटकाने नाचणी व ज्वारी स्वतः खरेदी करून रेशनवर दिली. ओडिशाने २०१७ पासून नाचणीसाठी स्वतंत्र अभियान राबवले. भारताच्याच सूचनेवरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले. महाराष्ट्रातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची ज्वारी सरकारने नियमित घेतली असती, तर एकाच रुपयात त्याला भाव आणि शेतमजुराला भाकरी मिळाली असती. इथे वर्षभर चालेल अशी खरेदी उभी राहिली नाही. खेड्यातल्या लहान मुलांना भाकरी कशाशी खातात हे विचारावे लागेल, असे दिवस जवळ आले आहेत.

धान्याऐवजी रोख रक्कम द्यावी, हाही एक पक्ष आहे. महाराष्ट्रात त्याचा प्रयोग झालेला आहे. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील केशरी पत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत होते. ते बंद झाल्यावर २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये बँकखात्यात देण्याचे ठरले. पुढे ते १७० झाले. अन्न महामंडळाला एक किलो तांदूळ २०२३-२४ मध्ये सुमारे ३९ रुपयांना आणि गहू २७ रुपयांना पडत होता. पाच किलो तांदळाचे सरकारच्याच हिशेबाने १९५ रुपये होतात. रोख रकमेत चोरी कमी होते हे मान्य. पण भाव वाढला म्हणून शासननिर्णय आपोआप बदलत नाही. पाच किलोचे मात्र पाचच किलो राहतात. कायद्याने कुटुंबातील सर्वांत ज्येष्ठ स्त्रीला पत्रिकेची कुटुंबप्रमुख मानले आहे. तिला विचारले तर ती बहुधा पोतेच मागेल. पोते घरात येते, आणि पैसा घरी येण्याआधी वाटेत दारूचे दुकान लागते, हे तिला ठाऊक असते.

राजकीय लाभाविषयी फार बोलायला नको. १९८३ मध्ये एन. टी. रामाराव यांनी दोन रुपये किलो तांदळाच्या बळावर आंध्र जिंकला, तेव्हापासून सर्वच पक्षांना ही वाट ठाऊक आहे. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्रात शंभर रुपयांत चार जिन्नसांचा 'आनंदाचा शिधा' देण्याचे ठरले. रवा, साखर, हरभरा डाळ आणि पामतेल. चार जिन्नस वेळेवर गोळा होतात की नाही याची काळजी जितकी, तितकीच पिशवीवर कुणाचे छायाचित्र असावे याचीही घेतली गेली. दामाजीपंतांच्या कोठारावर त्यांचे चित्र नव्हते.

कायद्याने आणखी एक दार उघडे ठेवले आहे, आणि ते बहुतेक ठिकाणी उघडलेच जात नाही. प्रत्येक रास्त भाव दुकानासाठी दक्षता समिती असावी, दुकानाचे दप्तर लोकांना पाहता यावे, सामाजिक लेखापरीक्षण व्हावे, हे २०१३ च्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. अनेक गावांत या समितीच्या सदस्यांना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नसते; सह्या तेवढ्या झालेल्या असतात. नियतन किती आले, उचल किती झाली, शिल्लक किती राहिली, हे तीन आकडे फळ्यावर लिहिलेले आहेत का, एवढे पाहायला महिन्यातला अर्धा तास पुरतो. ज्या वस्तीत शाखा भरते, भजनी मंडळ बसते, महिला मंडळ चालते, त्या वस्तीत हा अर्धा तास काढणारी दोन माणसे मिळू नयेत?

आणि यादी. महाराष्ट्रासाठी ७ कोटी १६ हजार ६८४ माणसांचा इष्टांक ठरला, तो २०११ च्या जनगणनेवरून. १ फेब्रुवारी २०१४ पासून राज्यात कायद्याची अंमलबजावणी सुरू झाली. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे इष्टांक वाढला नाही. लोकसंख्या वाढली, कुटुंबे फुटली, सुना आल्या, मुले जन्मली. शांता कुमार समितीने ६७ टक्क्यांची व्याप्ती ४० टक्क्यांवर आणावी अशी शिफारस केली होती. तिच्या अहवालातला सर्वांत दुबळा भाग तो हाच, कारण यादी आखडते तेव्हा ज्याला तहसील कचेरीत बोलता येत नाही त्याचे नाव प्रथम गळते. आज पालावर जन्मलेल्या मुलाचे नाव चढवायला त्याची आई तहसील कचेरीत जाते, तेव्हा तिला सांगितले जाते की इष्टांक भरला आहे. कुणी वारले, कुणी सासरी गेले, कुणाचे नाव दोन ठिकाणी सापडले, किंवा कुणी सुखवस्तू गृहस्थाने अर्ज करून स्वतःचे नाव कमी केले, तरच त्या मुलासाठी जागा होते. मृतांची नावे कमी करण्याचा अर्ज गावोगावी बहुधा कुणी करत नाही. ती बाई अर्जाची पोच घेऊन परत जाते, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येते.